माझ्या डोक्यावरची किरिया

बाबा पिऊन आले की आमच्या बैलांना आधी कळायचं, मग मायला, आणि सगळ्यात शेवटी खुद्द बाबांना. बैल रवंथ थांबवून फाटकाकडे कान टवकारायचे. माय चुलीवरचा तवा उतरवून कोपऱ्यात सरकवायची. बाबा मारकुटे नव्हते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे लगेच डोळ्यांना पदर लावतात. ते रडके होते. प्याले की बैलाच्या गळ्यात पडून रडायचे, आणि “माह्यासारखा पापी साऱ्या वाशीमात नाई” असं एवढ्या मोठ्यानं सांगायचे की शेजारच्या मळ्यातले लोक “आज बाजार चांगला झाला वाटते” म्हणून हसायचे. सकाळी हाच माणूस इतका शहाणा की विचारू नका. उजाडायच्या आत मोट जुंपलेली, वाफे भिजलेले, आणि बाबा मान खाली घालून मिरचीच्या झाडांशी बोलताहेत. आमच्याशी बोलायला त्यांना दुपार व्हावी लागे.

मळा वाशीमच्या वेशीबाहेरच होता. वांगी, मिरची, मेथी, पालक, सांबार, आणि कुंपणावर चढलेले दुधी नि कोहळे. सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी पुण्याची सून अजून या शब्दाला हसते, हसो बापडी. मोटेचं चाक दिवसभर करकरायचं, मोट वर येऊन थारोळ्यात भसकन ओतली जायची, आणि पाटानं पाणी येताना दिसलं की थोरली बहीण गोदाबाई आणि मी अनवाणी वाफ्यात उतरून बारं द्यायचो, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायचो. पाणी आमच्या घोट्यांना लागलं की गोदाबाई हमखास किंचाळायची. ती नाजूक होती, गोरी होती, आणि तिच्या लग्नाची काळजी साऱ्या घराला होती. माझी कुणाला नव्हती. मी काळी, किडकिडीत आणि तोंडाळ. “हिले कोण करन?” असं माय मलाच विचारायची, जशी काही मी गिऱ्हाईक शोधायला निघाले होते.

गोदाबाईला पाहायला आसेगावची माणसं आली, तेव्हा पोळा नुकताच होऊन गेला होता. मुलाचे वडील पुढे आमच्याकडे ‘मामाजी’ झाले, म्हणून इथेही मी त्यांना मामाजीच म्हणते. उंच, शांत गृहस्थ, दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि थोडा हरभरा पेरणारे. गोदाबाई त्यांना एका नजरेत पसंत पडली. मायनं गुळाचा शिरा केला होता. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात बाबा बाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन आले. बैलांनी कान टवकारले. बाबांनी पाहुण्यांना पाहिलं, हात जोडले, मामाजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डोकं उचललंच नाही. तिथेच रडता रडता त्यांना झोप लागली. मामाजी बिचारे पाय न हलवता बसून राहिले. शिरा थंड झाला.

जाताना ते मायला म्हणाले, “बाई, पोरगी आमाले पसंत हाये. पण माह्या भावानं दारूपायी सारं घर नासवलं. दारूवाल्या घरची सोयरीक मी करत नाई. हरभरा निघेपर्यंत थांबतो. तवापर्यंत हे सुधरले त वाजतगाजत येतो. नाई त रामराम.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मोट सोडून घरात आले. मी उंबऱ्याशी मेथीच्या जुड्या बांधत होते. ते मायसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “मंजीची माय, मले कोणाचा तरी धाक पाह्यजे. मी एकटा ठरवतो, एकटाच मोडतो. देवाची किरिया खाल्ली, देव काई बोलत नाई. तुही किरिया खाल्ली, तू बोलतं, पण मी आयकत नाई. आता पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो. मंग कसा पेतो पाहू.”

किरिया म्हणजे शपथ. आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून खाल्लेली किरिया मोडली तर ते पोर मरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाबांनी हात उचलला तो गोदाबाईच्या दिशेनं. ती जवळ होती, आणि लग्न तिचं होतं. मायनं ओरडून तो हात धरला. “तिच्या नको! तिचं लगन हाये!” हात हवेतच थांबला, मग वळला, आणि माझ्या डोक्यावर आला. माझ्या हातात मेथी होती. मातीनं भरलेला, जड, गरम हात. “या मंजीची किरिया,” बाबा म्हणाले, “दारूले शिवणार नाई.” या वेळी मायनं हात धरला नाही. तिनं माझ्यासाठी ओरडायला हवं होतं असं मला त्या वेळी वाटलंही नाही. उलट मला भारी वाटलं. घरात पहिल्यांदाच माझं काहीतरी काम निघालं होतं.

आणि मी ते काम केलं, बाप्पा! दिवेलागणीला मी फाटकात उभी. बाबा आले की वाकायचे आणि माझ्या तोंडावर ‘हा’ करायचे. बिडी, कांदा, चिंच, कधी फुटाणे. मी नाक फुलवून फुलवून वास घ्यायची आणि म्हणायची, “जाय.” मग ते आत. एकदा त्यांच्याबरोबर शेजारमळ्यातला एक माणूस होता, तो म्हणाला, “काय बाप्पा, पोट्टीचा हुकूम लागते काय आता?” बाबा म्हणाले, “लागते. ठाणेदारीण हाये माही.” तेव्हापासून सगळे मला ठाणेदारीणच म्हणू लागले. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आधी म्हणणारे लोक गप्प झाले. मला मात्र मधूनच धास्ती वाटायची. पोटात दुखलं की वाटे, प्याले वाटते. पायात काटा मोडला की वाटे, संपलं. पण सांगणार कुणाला? ठाणेदारीण कुठे भिते का?

ते दिवस फार चांगले होते, आणि याचंच मला वाईट वाटतं. थंडी पडू लागली तशी संध्याकाळी बाबा स्वतः पऱ्हाटीच्या काड्या पेटवून वांगी भाजायचे. हिरवी मिरची, हिरवा कांदा, मूठभर सांबार आणि वर कच्चं तेल. माय ज्वारीच्या भाकरी थापायची, आणि तवा कोपऱ्यात सरकवायचा नसल्यामुळे त्या शेवटपर्यंत गरम मिळायच्या. बाबा गोष्टी सांगायचे. त्यांना गोष्टी येतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. जेवून झालं की कांबळं खांद्यावर टाकून मळ्याच्या टोकाच्या खोपीत राखणीला निघायचे. रानडुकरं मुळे उकरतात, म्हणायचे. माय म्हणायची, “जा, जा, थंडीचं उशीर नका करू.”

माझ्या नातवानं गेल्या वर्षी सिगारेट सोडली. त्यानं एका मित्राला सांगून ठेवलं होतं, रोज संध्याकाळी मला फोन करून विचार. मित्र विचारायचा, हा खरं सांगायचा, आणि सुटली बुवा सिगारेट. मला म्हणतो, “आजी, स्वतःला दिलेला शब्द मोडता येतो, दुसऱ्याला दिलेला मोडवत नाही.” मी म्हटलं, खरं आहे रे बाबा, अगदी खरं आहे. माणसाला माणसाचाच धाक लागतो. पण तुझ्या त्या मित्राला काही होणार होतं का, तू ओढली असतीस तर? म्हातारी चळली, असं त्याला वाटलं असणार.

दिवाळीच्या पाडव्यानंतर मला ताप भरला. दात वाजत होते, अंगावर दोन गोधड्या टाकूनही थंडी जाईना. हिवतापाचेच दिवस होते, शेजारीपाजारी दोनचार जण आजारी होते. पण मला कारण पक्कं ठाऊक होतं. मी मायला विचारलं, “बाबानं पेली काय व?” माय माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ती म्हणाली, “नाई व माय. हिवताप हाये. झोप.” तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मला माझ्या मायेचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी मायवर विश्वास ठेवला. आईवर नाही ठेवायचा तर मग कुणावर ठेवायचा?

संक्रांतीला मामाजी अचानक आले, तिळगूळ घेऊन. बाबा बाजारात होते. मायनं पाट मांडला, बाबांचं गुणगान सुरू केलं. मामाजींनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग मायला बाजूला सारून मला हाक मारली. “इकडं ये, बाई. मोठ्या माणसाइचं मी आयकत नाई. तू सांग. तुहा बाप पेते काय?”

मी ताठ उभी राहिले. “नाई पेत, मामाजी. माह्या डोक्यावर किरिया हाये. पेले असते त मी जित्ती असती काय?”

मामाजींचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या हातात तिळगूळ ठेवला आणि मायला म्हणाले, “बाई, तारीख पाहा. या पोरीच्या शब्दावर लगन पक्कं.” माय चुलीकडे वळली. तिची पाठ माझ्याकडे होती. गोदाबाई दाराआड उभी होती, ती तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती, कळलं नाही. मी मात्र दिवसभर जमिनीवर नव्हते.

हळदीच्या दिवशी मला खोपीत पाठवलं, मांडवाला दोर कमी पडला म्हणून. त्या खोपीत मी थंडीभर गेले नव्हते. राखणीची जागा पोरींची नव्हे, असं माय म्हणायची. दोर शोधताना आढ्याला टांगलेल्या शिंक्यात मला एक कोहळा दिसला. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, आणि भोवती एक चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी माझ्या जुन्या परकराची होती, निळ्या ठिपक्यांची. कोहळा खालून काळा पडला होता, बोट लावलं तर आत गेलं. कुणीतरी माझ्यावर करणी केली होती! शेजारमळ्यातल्या सगळ्या बाया माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मी तो कोहळा तसाच उचलला आणि बोंब मारत घराकडे धावले.

घरात गोदाबाईला हळद लावून झाली होती. बाकीच्या बाया मांडवात जात्यावर गाणी म्हणत होत्या. आत माय आणि ती, दोघीच. “माय, करणी! कोणं तरी माह्यावर करणी केली व!”

मायचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तिनं आधी दार लावलं. “हळू बोल. ठेव तो खाली. करणी नाई थे.”

“मंग काय हाये? माह्या परकराची चिंधी हाये त्याले!”

“मीच बांधली,” माय म्हणाली. “पाडव्याले तुहा बाप पेला. दुसऱ्या दिवशी तू तापानं फणफणली. त्यानं माह्यापाशी कबूल केलं, पाय धरून रडला. मी काय करू मंग? पोरगी मरू देऊ? तुह्या डोक्यावरची किरिया उतरवली अन् कोहळ्यावर ठेवली. तुहा ताप उतरला का नाई? पाह्य, कसा सडला थो. तुह्या जागी सडला.”

मी त्या कोहळ्याकडे पाहिलं. मायचा यात जीव होता, हे मला आज कळतं. आमच्याकडे बळीच्या जागी कोहळा फोडतात, म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणे तिनं मला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं, की कोहळा सडला आहे. म्हणजे बाबा पीत होते.

“पेते?” मी विचारलं.

“पेते. खोपीत. तू वास घेऊन घरात गेल्यावर.”

“अन् मले काहून नाई सांगतलं?”

माय खरं बोलली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. “तुले सांगतलं असतं, त तू मामाजीले तशी छातीठोक बोलली असती काय?”

मी गोदाबाईकडे वळले. “बाई, तुलेबी मालूम होतं?”

हळदीनं पिवळी झालेली गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझा हात धरला. “माह्यं लगन होऊ दे व मंजे. तुह्या पाया पडतो. मंग बोलजो तुले काय बोलायचं थे.” आमच्याकडे बायाही ‘पडतो’ म्हणतात. ती खरंच माझ्या पायांशी वाकली, आणि माझ्या पायांना हळद लागली.

एखाद्यानं केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या खोलीत कळलं. शत्रूनं केलं असतं तर मी त्याला दगड मारला असता. इथे कुणाला मारू? मी थंडीभर फाटकात उभी राहून नाकानं कांदे सोलत होते, आणि घरातली सगळी माणसं माझ्या पाठीमागे एकमेकांकडे बघत होती. मी जेवत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. मी मरणाला भिऊन पोट धरून बसत होते तेव्हाही त्यांना माहीत होतं, आणि ‘अवं, तुले आता काई होत नाई’ एवढं सांगायलाही कुणाचं तोंड उघडलं नाही. माझी भीती त्यांच्या कामाची होती. मी रडले नाही. दोर घेऊन मांडवात गेले आणि नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला नवरदेवाची वरात आली. डफडं वाजत होतं, धूळ उडत होती. मामाजी नवा फेटा बांधून पुढे होते. मांडवाच्या तोंडाशी ते थांबले, हात वर करून त्यांनी डफडं थांबवलं, आणि सगळ्या लोकांसमोर मला हाक मारली. “कुठं हाये आमची ठाणेदारीण? तिच्या हुकमाशिवाय वरात आत येत नाई. बोल बाई, हाये का हुकूम?”

लोक हसले. मला पुढे ढकललं. माय बायांच्या मागे उभी होती, तिचे ओठ हलत होते. गोदाबाई आतल्या दारात, मुंडावळ्या बांधलेली, माझ्याकडेच पाहत होती. माझ्या तोंडातून निघालं, “मले इचारू नका, मामाजी. माह्या बाबाले इचारा.”

हसू थांबलं. मामाजींनी वळून बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता काय ते होऊन जाईल. बाबा सकाळचे शहाणे असते तर त्यांनी मान खाली घातली असती, असं मला अजून वाटतं. पण ती सकाळ नव्हती. ते पुढे आले, हसत आले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुन्हा. व्याह्यांना म्हणाले, “इवाई, या मंजीची किरिया. थेंबालेबी शिवलो नाई.”

कोहळा तर कालच उकिरड्यावर गेला होता. आता त्या हाताखाली मीच होते. बाबा इतके जवळ होते की त्यांच्या तोंडाचा वास मला आला. वेलदोडा चघळला होता, पण वेलदोड्यानं मोहाची दारू झाकली जाते होय? मामाजीही हातभरावर होते. त्यांना आला की नाही, ते त्यांना ठाऊक. त्यांनी बाबांकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. गोदाबाई पाहत होती. माय पाहत होती. मी काही बोलले नाही. मामाजी म्हणाले, “वाजवा रे!” आणि वरात माझ्या अंगावरून आत गेली.

त्यानंतर मला ताप आला नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली. मग मी कुठल्याच किरियेवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. बाबांनी पुन्हा कधी वाकून ‘हा’ केलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ते आता घरातच पीत.

वर्षाच्या आत बाबा आसेगावला लेकीला भेटायला गेले आणि मामाजींच्या अंगणात बैलाच्या गळ्यात पडून रडले. साऱ्या गावानं पाहिलं. मामाजींनी गोदाबाईचं माहेर बंद केलं. मायच्या शेवटच्या आजारातही तिला पाठवलं नाही. आणि गावात ते सांगायचे, इवायाचं काय घेऊन बसले, त्या पोट्टीनं फसवलं आमाले. आसेगावात माझं नाव अजून तसंच आहे. बाबांना कुणी फसवा म्हटलं नाही, मायला नाही. मंजी खोटारडी.

माय-बाबा गेले, मामाजी गेले, मग गोदाबाई म्हातारपणी डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडे येऊन राहिली. एका दुपारी आम्ही दोघी गॅलरीत बसून मेथी निवडत होतो. सासरी ऐकलेले टोमणे सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “मंजे, तुले त सारं मालूम होतं. मांडवात सारे तुह्याच तोंडाकडं पाहून राह्यले होते. एक शब्द बोलली असती, त माह्यं लगन मोडलं असतं अन् मी सुटली असती. तू काहून नाई बोलली व?”

मला वाटलं, थट्टा करते. मी तिच्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे पाहिलं, मग उघड्या डोळ्याकडे. थट्टा नव्हती.

“तूच म्हणाली होतीस ना,” मी म्हटलं. “माझ्या पायांशी वाकून.”

“मी?” गोदाबाई म्हणाली. “मी कायले म्हणन तसं?”

आणि तिला खरोखरच आठवत नव्हतं.